आपल्यातलाच निघाला

आमच्या जमातीचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की वाचणाऱ्याला पुढचं सगळं आधीच ठाऊक असतं, मग मी काय सांगते याकडं कुणाचं लक्ष राहत नाही. एवढंच सांगते की आम्ही दक्षिणेतून आलो. कधी आलो ते अज्जीला विचारलं तर ती म्हणायची, "तुझ्या सनईवाल्या पणज्याला इचार," आणि पणजा तर कधीच मेलेला. घरात आम्ही जी भाषा बोलतो तिला लिपी नाही. तमिळ आणि कानडीच्या मधल्या बांधावर ती वाढली आणि इकडं येऊन तिच्यात मराठी शिरली. इथं माझ्या घरची माणसं मराठीत बोलतील ती केवळ सोयीसाठी.

कोल्हापुरात अनोळखी माणसाला 'पावणं' म्हणतात. 'कुठनं आलासा पावणं?' असं विचारून चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. उचगावच्या बाजूला फाळणीत घरदार सोडून आलेल्या लोकांचा कापडबाजार आहे. बारावीनंतर मी तिथं एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायला जायची. तिथले शेठ दोन पिढ्यांत पक्के कोल्हापूरकर झाले होते, रस्सा ओरपायचे आणि मराठीत शिव्या द्यायचे. आम्ही त्यांच्या कितीतरी आधी आलो, पण आम्हाला कुणी कोल्हापूरकर म्हटलं नाही आणि पावणंही म्हटलं नाही. रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि म्हणायचा, "डुकरवाल्यांच्यात आत जात न्हाय मी. हितंच उतरा." मला याचा राग यायचा. अजून येतो.

अप्पा, माझे वडील, सनई वाजवायचे. लग्नाच्या मांडवात पहिला सूर त्यांचा आणि शेवटची पंगतही त्यांचीच, तीसुद्धा मांडवाबाहेर. माझा थोरला भाऊ, अण्णा, हलगी वाजवायचा. अव्वा, माझी आई, शिंदीच्या केरसुण्या बांधायची. पण लग्नसराई सरली की घर चालायचं ते डुकरांवर. आमची डुकरं दिवसभर गावभर हिंडत, खरकटं खात, आणि सांजेला आपापल्या दारात येत. प्रत्येक घराची खूण वेगळी. ती खूण कानावर असायची.

कान कापायचं काम अज्जीचं. पिल्लू महिन्याचं झालं की अण्णा त्याचे मागचे पाय धरायचा, मी पुढचे, आणि अज्जी वस्तरा चालवायची. आमची खूण म्हणजे डाव्या कानाचं टोक चिरलेलं आणि उजव्याच्या खालच्या कडेला एक खाच. पिल्लू असं किंचाळायचं की शेजारच्या कॉलनीतल्या खिडक्या धडाधड लागायच्या. रक्त माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत यायचं. अज्जी जखमेवर राख दाबायची आणि पिल्लू सोडून द्यायची. मग हात पुसायच्या आधी पुढचं मागायची. आमच्यात डुक्कर हातात आलं की आधी अंगठ्यानं त्याचा कान दुमडून बघायची सवय असते. लहान पोरसुद्धा तसंच करतं. दुसऱ्याच्या खुणेचं डुक्कर चुकून कापलं गेलं तर गल्लीत डोकी फुटत.

डोकी तशीही फुटतच. मी काही आमच्या लोकांना सोवळं नेसवून पाटावर बसवणार नाही. आमच्यात नवरे बायकांना मारत, बायका पोरांना मारत, पोरं कुत्र्यांना मारत. अप्पांनी एकदा अव्वाच्या डोक्यात सनईच घातली होती आणि सनई तडकली म्हणून नंतर तेच रडत बसले. गावही आमच्याशी तसंच वागायचं. डुकरांवर उकळतं पाणी पडे, कधी ॲसिड. सोललेल्या पाठीचं जनावर ओरडत दारात यायचं तेव्हा अण्णा भिंतीवर मुठी आपटायचा. त्याचं अंग रेड्याचं आणि डोकं लगेच तापणारं. त्याच्या रागाला मी भीत असे, आणि गावात कुणी वाकडं बोललं की तोच राग मला आधाराचा वाटे.

लोकांची तक्रार खोटी होती असं मात्र नाही. डुकरं परसातली भाजी उकरत, कचराकुंड्या उलथत, एकदा एकानं म्हातारीच्या पायात शिरून तिला पाडलं. आमच्यापाशी जनावरं बांधून घालायला जागा नव्हती आणि असती तर चारायला काही नव्हतं. शेवटी शहराच्या कारभाऱ्यांनी बाहेरचा ठेकेदार आणला. त्या वर्षी गावात श्रीमंतांच्या कमरेला नुकते मोबाइल दिसायला लागले होते. ठेकेदाराच्या कमरेलाही एक होता. तो स्वतः टेम्पोत बसून राही आणि त्याची माणसं तारेचे फास, बांबू घेऊन गल्लीबोळांतून फिरत. माणसं काळीसावळी, काटक, आपसात कमी बोलणारी. मद्रासकडची आहेत एवढंच गावाला माहीत होतं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या बाप्यांनी दगड मारून टेम्पोची काच फोडली. दुसऱ्यांदा ती पोलीस घेऊन आली आणि आमच्यातल्या दोघांना लाठ्या बसल्या. पकडलेली डुकरं चारही पाय तारेनं आवळून टेम्पोत एकावर एक फेकत. खालची गुदमरून मरत. गल्लीतल्या बायका टेम्पोमागं शिव्या देत धावत, आणि मीही धावले आहे, अंगावर दुकानात जायचा इस्त्रीचा ड्रेस घालून.

त्या दिवशी ती सकाळीच आली, पोलिसांशिवाय. गल्लीमागून एक ओढा जातो. आमची मोठी डुकरीण पोटात पिल्लं घेऊन त्याच्या चिखलात पडलेली होती. मी कामाला निघाले होते. परसदाराशी आले तर फास तिच्या गळ्यात पडलेला आणि दोघंजण तिला ओढत होते. तिसरा वाकला. त्यानं तिचं तोंड गुडघ्याखाली दाबलं आणि अंगठ्यानं तिचा कान दुमडून बघितला.

मी जागीच थांबले. पगारी माणसाला कानाशी काय घेणं? त्याला मोजायची ती डुकरं, कुणाची आहेत त्याच्याशी त्याचा संबंध नाही. पण त्यानं डावा बघितला, मग उजवा बघितला, आणि माझ्याकडं मान वर केली. काहीतरी विचारायचं असल्यासारखा चेहरा होता. तेवढ्यात माझ्या मागून अण्णा आला.

त्याच्या हातात पाण्याच्या नळाचा तुकडा होता, लोखंडी.  पहिला घाव त्यानं त्या माणसाच्या नडगीवर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माणूस खाली कोसळला, आणि दुसरा घाव डाव्या बरगड्यांखाली बसला. उरलेले दोघं फास टाकून टेम्पोकडं पळाले. गल्लीतून कुऱ्हाडी, काठ्या, उसाची कोयती घेऊन बापे धावत आले. कुणीतरी टेम्पोच्या चालकाच्या हातावर कोयता मारला, रक्ताची धार दारावरून खाली आली. ठेकेदार आतूनच ओरडला आणि टेम्पो तसाच उलटा पळाला. डुकरीण गळ्यातली तार ओढत काटेरी झुडपात घुसली. चिखलात तो एकटा राहिला.

मग त्याला सगळ्यांनी मारलं. मारणाऱ्यांत माझा मामा होता, शेजारचा आजोबा होता, आदल्या खेपेला जिचं डुकरांचं सगळं खांड गेलं ती विधवा होती. ती त्याच्या तोंडावर केरसुणीचा बुडखा मारत होती. अण्णानं पुन्हा नळ उचलला. त्याचे डोळे मला आजही दिसतात, त्यांत माणूस नव्हता. आता एक घाव डोक्यात बसला की माझा भाऊ फासावर, एवढं मला स्वच्छ कळलं. मी त्याच्या हाताला लोंबकळले. त्यानं मला झिडकारून टाकलं आणि माझं तोंड दगडावर आपटलं. पुढचा दात तेव्हा पडला तो पडलाच.

त्याच वेळी खालचा माणूस बोलला. तो आमच्याशी बोलत नव्हता. डोळे मिटून, आईजवळ मागावं तसं, तो पाणी मागत होता. आणि ते आमच्या भाषेत होतं. थोडं वेगळं, शेवट ओढलेले, पण आमचंच. अज्जी परसदारात उभी होती. ती एरवी काठीशिवाय हलत नसे. ती चिखलात उतरली, मारणाऱ्यांच्या मधे शिरली आणि तिनं त्याला आमच्या भाषेत विचारलं, "कुणाचा तू?"

त्यानं डोळे उघडले. आमच्या जमातीत चार कुळं आहेत. मुलगी द्यायची-घ्यायची तर कुळ विचारतात, मेलेल्याला खांदा द्यायचा तर कुळ विचारतात. ही चार नावं बाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारण नाही. त्यानं कुळाचं नाव सांगितलं. आमचंच कुळ होतं.

अण्णाच्या हातून नळ गळून पडला. "आपल्यातलाच निघाला," मामा म्हणाला.  जी विधवा तोंडावर मारत होती तिनंच पदरानं त्याचं तोंड पुसायला घेतलं. मला तर रडूच फुटलं. शेकडो मैलांवरून आलेला माणूस आपलं कुळ सांगतो, हे मला देवानं हात दिल्यासारखं वाटलं. वाचला, असं मला वाटलं. तो वाचला आणि अण्णाही वाचला.

त्याला उचलून आमच्या घरात आणलं. अज्जीच्या वाकळेवर निजवलं. अव्वानं हळद तापवली, मामानं नडगीला बांबूच्या कामट्या बांधल्या, कुणीतरी दारू पाजली. गल्लीतलं प्रत्येक माणूस दारातून डोकावून गेलं. म्हाताऱ्या त्याला गावं विचारत होत्या, देव विचारत होत्या, तिकडं पोर जन्मलं की काय करता ते विचारत होत्या. तो दम खात उत्तरं देत होता आणि प्रत्येक उत्तराला दारातली माणसं माना डोलावत होती. त्याच्याकडंही डुकरं होती. त्याच्याही गावात एक दिवस ठेकेदार आला होता, डुकरं गेली, मग त्याच ठेकेदाराकडं हा कामाला लागला. "कान बगून मला वाटलंच," तो म्हणाला. "इचारणार हुतो."

मी अप्पांना म्हटलं, "सरकारी दवाखान्यात न्यायला पायजे. पाय मोडलाय, मुका मार लागलाय."

अप्पा म्हणाले, "आधी कट्टा हुंदे."

कट्टा म्हणजे आमची पंचायत, वडाखाली बसते. आमच्यात रीत अशी की आपल्या माणसाचं भांडण आपल्यातच मिटवायचं. चौकीची पायरी चढायची नाही. ही रीत उगाच पडलेली नाही. इंग्रजांच्या काळात आमच्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवून रोज हजेरी घेत. अज्जीचा बाप त्यात होता. पोलिसाला आपलं माणूस देणं म्हणजे आपल्या हातानं त्याला खाटकाच्या दारात बांधणं, असं ती म्हणायची. दवाखान्यात नेलं की डॉक्टर पोलीस बोलावणार, पोलीस अण्णाला नेणार. आणि ज्याला मारलं तो परका असता तर गोष्ट वेगळी. कुळातल्या भावाचं रक्त सांडलेलं, याचा निवाडा कट्ट्यावरच व्हायला हवा होता. परक्याला त्यांनी केव्हाच उचलून डांबरी रस्त्यावर नेऊन टाकलं असतं. पाच मिनिटांत कुणीतरी पोलिसांना कळवलं असतं. दुपारच्या आत तो दवाखान्यात असता.

पंच जमले. मी दारात उभी राहून ओरडले, "ओ, आधी डॉक्टर बघू द्या, मग काय तो निवाडा करा." बाईनं कट्ट्यावर तोंड उघडायचं नसतं. अप्पा उठून आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी माझ्या तोंडात मारली, नुकता दात पडला होता त्याच बाजूला. "तुझ्या भावाला आत घालनार हाईस व्हय?" ते म्हणाले.  

दुपारी पोलिसांची गाडी आली. टेम्पोवाल्यांनी कळवलं असणार. एक हवालदार गल्लीच्या तोंडाशी उतरला, नाकाला रुमाल लावून आत आला. "कुनी मद्रासी हाय का रं तुमच्यात? ठेकेदाराचा मानूस?"

"न्हाय की सायेब," मामा म्हणाला. "पळालं सगळी."

घरात अव्वानं माझ्या केसांना धरून मला भिंतीशी दाबलं होतं, दुसरा हात माझ्या तोंडावर होता. हवालदार आमच्या दारासमोरच उभा होता. मधे फक्त गोणपाटाचा पडदा. मी वाकळेवरच्या माणसाकडं बघत होते. त्यानं ओरडावं म्हणून मी मनातल्या मनात देवाच्या पाया पडत होते. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हसला. आपल्या माणसांना तो धरून देणार नव्हता. हवालदारानं बिडी मागून घेतली, ओढली आणि तो निघून गेला.

कट्टा चालूच होता. तिकडच्या कुळाची आणि इकडच्या कुळाची पाळंमुळं जुळतात का यावर दोन म्हातारे भांडत होते. एकजण म्हणत होता, जुळत नसतील तर हा भाऊ कसा? दुसरा म्हणत होता, देव एक तर भाऊच. आत तो पांढरा पडत चालला होता. सावळा माणूस पांढरा पडतो म्हणजे राखेसारखा दिसतो. पायाचं दुखणं तो विसरला होता. डावा खांदा दुखतोय म्हणत होता, आणि पाणी मागत होता, पुन्हा पुन्हा. खांद्याला तर कुणी हातही लावला नव्हता. बांबू वाहून खांदा भरला असेल म्हणून अव्वानं तिथं तेल चोळलं. पोट फुगून टणक झालं होतं. कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, प्लीहा फुटली असणार, रक्त पोटात साचत होतं. वेळेत नेलं असतं तर वाचला असता, म्हणाली.

अण्णा त्याच्या पायाशी बसून होता. सकाळपासून त्यानं घोटभर पाणी घेतलं नव्हतं. शेवटी तोच उठला. "मी नेतो," म्हणाला, "मला घालू देत आत." त्यानं त्या माणसाला दोन्ही हातांवर उचललं आणि बाहेर आणलं. चार बापे त्याला आडवे झाले. तो एकाला डोक्यानं ढकलतो, दुसऱ्याला लाथ मारतो, आणि हातांवर तो माणूस तसाच. मी एकाच्या मनगटाला कडकडून चावले. त्या झटापटीत कुणीतरी म्हणालं, "खाली ठेव. बग जरा त्येच्याकडं."

दिवेलागण होत होती. अण्णानं त्याला खाली ठेवलं नाही. तो तसाच त्याला घेऊन गल्लीच्या मधोमध उभा राहिला, आणि एवढा मोठा बाप्या तोंड वर करून ओरडायला लागला. असला आवाज मी फक्त डुकरांच्या तोंडून ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचे जोडीदार टेम्पोशिवाय, चालत आले. तेही आपल्यातलेच होते. ते कट्ट्यावर बसले. पोलिसांत कुणी गेलं नाही. ठेकेदारानं, माणूस पळून गेला, असं सांगितलं आणि गावानं ते ऐकून सोडून दिलं. आमच्या जागेत त्याला पुरलं. कुळातल्या भावाचं रक्त सांडलं म्हणून अण्णानं डोकं भादरलं आणि जमातीला जेवण घालायचं कबूल केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पंच म्हणाले. काही दिवसांनी झुडपातून डुकरीण परत आली, गळ्यात तार रुतलेली. तिला सात-आठ पिल्लं झाली. अज्जीनं वस्तरा काढला तर अण्णा पिल्लं धरायला तयार होईना. मीही झाले नाही. त्या वेताच्या पिल्लांचे कान तसेच राहिले आणि कुणाची डुकरं ती हे पुढं कुणालाच सांगता आलं नाही.

पावसाळा सरल्यावर त्याची बायको आली, दिराबरोबर. माझ्याच वयाची असावी. गल्लीनं तिला काही कमी केलं नाही. बायका गळ्यात पडून रडल्या, अव्वानं लुगडं नेसवलं, अज्जीनं तिला आपल्या ताटात जेवायला घेतलं. आमच्यात आपल्या माणसाशी खोटं बोलत नाहीत, म्हणून तिला सगळं सांगितलं. अण्णा तिच्यापुढं जाऊन खाली बसला आणि मान पुढं केली. मार, म्हणाला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, रीत होती तसा. तिचे डोळे कोरडे होते.

जायच्या आधी तिनं मला बाजूला घेतलं. तो कुठं निजला होता ते दाखव, म्हणाली. मी अज्जीची वाकळ दाखवली. ती थोडा वेळ तिथं बसली. मग तिनं विचारलं, "दवाखाना लांब हाय का हितनं?"

मी म्हटलं, "न्हाय."

 तिच्या तोंडाकडं बघायचं मला धाडस झालं नाही. दीर बाहेरून हाक मारत होता, ती उठली आणि गेली.

त्यानंतर काही वर्षांनी, नव्या शतकात, अण्णा मलकापूरच्या पलीकडं एका वरातीत हलगी वाजवायला गेला होता. कुठलं गाणं वाजवायचं यावरून दारू प्यालेल्या पोरांत जुंपली आणि त्यात अण्णाच्या पोटात चाकू गेला. त्याचे साथीदार पांगले. तो रस्त्याकडेच्या गटारात पडला. पहाटेच डेअरीला दूध घालायला निघालेल्या शेतकऱ्यांची जीप तिथं थांबली. त्यांनी त्याला किटल्यांच्या मधे घातलं. मी पोचले तेव्हा तो दवाखान्यात होता, पोटाला टाके, हाताला नळी. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही हातात नव्हतं.

मी त्याच्या उशाशी बसले. त्याला बोलायला बंदी होती, पण कुणाचं ऐकेल तर तो अण्णा कसला.

"गाडीत एकजण म्हनाला," तो सांगू लागला. "ह्येच्या हातात हलगी हाय, ह्यो त्या लोकांतला. म्होरं त्यांची वस्ती हाय, तिथं सोडूया, त्यांची मानसं बगतील. चांगल्या मनानंच म्हनत हुता गं. मला इचारलं, पावणं, तुम्ही त्यातलंच नव्हं?"

त्या वस्तीत आमचा चुलता राहतो. आमच्याच कुळाचा. अण्णाला तिथं सगळे नावानं ओळखतात.

"मग?"

"न्हाय म्हनालो. मी त्यातला न्हाय, माजी हितं कुनाची वळख न्हाय. दवाखान्यात न्या." तो दम घ्यायला थांबला. सुईचा हात पांघरुणावर ठेवून तो वर पंख्याकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. "पोरी, त्यानं त्या दिशी आपल्या भाषेत पानी मागाय नको हुतं."